ओठ मिटलेले, दात सुटे

"हिचा जबडा रात्रपाळी करतो."

संक्रांतीच्या हळदीकुंकवात माझ्या पाठीमागे कोणीतरी माझ्या आईला हे सांगत होतं. आवाज बाईचा होता, थाट परेड ग्राउंडवरचा. मी हातातली तिळाची वडी तशीच धरून उभी राहिले. वडी कडक होती. कडक काही चावणं मी केव्हाच सोडलं होतं आणि ते घरात कोणालाही सांगितलं नव्हतं.

"म्हणजे काय हो, कुंदाताई?" आईने विचारलं.

"झोपेत दात आवळते. गाल बघ, चौकोनी झालेत. सकाळी उठल्यावर कान दुखतो म्हणते ना? कान बिचारा निर्दोष आहे."

मी वळून पाहिलं नाही. पण कान खरंच दुखत होता. कानाच्या डॉक्टरांनी थेंब दिले होते, डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बदलला होता, आणि ऑफिसमधल्या मैत्रिणीने परस्पर मायग्रेन ठरवून टाकलं होतं. माझ्या पाठीवरून निदान करणारं हे पहिलंच माणूस.

कर्नल कुंदा पाठारे, सैन्याच्या डेंटल कोअरमधून निवृत्त. दिल्लीतल्या द्वारका भागात, आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहतात. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत त्या. लग्न केलं नाही. सोसायटीतली मराठी मुलं त्यांना कर्नलमावशी म्हणतात, पंजाबी मुलंही कर्नलमावशीच म्हणतात. त्यांना तो हुद्दा वाटतो. दात काढणं, दात भरणं हे त्या करत नाहीत. "दरवाजे रंगवणारे गल्लोगल्ली आहेत," त्या म्हणतात. "मी बिजागरीवाली." बिजागरी म्हणजे कानापुढचा तो सांधा, ज्यावर आपण दिवसभर बोलतो, खातो, जांभया देतो, आणि जो कुरकुरेपर्यंत आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

मावशींना माणसाचा चेहरा दिसत नाही, फक्त खालचा अर्धा भाग दिसतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरी पाण्याच्या टँकरबद्दल पोटतिडकीने बोलत असताना त्या मध्येच उठल्या. "शर्माजी, आप सिर्फ लेफ्ट से चबाते हैं न?" शर्माजींचा हात गालावर गेला. टँकरचा प्रश्न तिथेच राहिला. गेटवरच्या गार्डच्या तोंडातलं च्युइंगगम त्यांनी स्वतः हात पुढे करून काढून घेतलं आहे. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबून कोथिंबीर निवडणाऱ्या भाजीवाल्याला त्या मान सरळ करायला लावतात आणि मगच भाव विचारतात. कोणी मोठ्याने जांभई दिली, की पलीकडच्या गॅलरीतून आवाज येतो, "हनुवटीखाली मूठ!"

मराठी मंडळाच्या चिटणीस सबनीस काकूंचं आणि त्यांचं बिनसलं तेही यावरूनच. काकूंच्या मुलीला बघायला मुलगा आला होता. सगळं जमत आलं, चहा झाला, मावशी पाहुण्या म्हणून बसलेल्या. मुलगा खाली उतरल्यावर काकूंनी सहज विचारलं, "कसा वाटला?"

"मुलगा चांगला आहे," मावशी म्हणाल्या. "पण दाढा घासतो. रात्री आवाज येईल."

लग्न झालं. मुलीचा बंगलोरहून फोन आला, "आई, रात्री काहीतरी कराकरा वाजतं गं." काकूंनी मावशींना कधीच माफ केलं नाही. चुकीचं बोलल्या असत्या तर केलं असतं.

मी मात्र त्यांच्याकडे स्वतःहून गेले नसते. मी कुठेच स्वतःहून जात नाही. शाळेत आमच्या टीचर रिपोर्ट कार्डवर दरवर्षी एकच वाक्य लिहायच्या, की ही मुलगी हुशार आहे, पण बोलत नाही. आता मी मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत पर्चेसमध्ये आहे. सकाळी कंपनीची बस, मग एक्सप्रेसवेवरचं न हलणारं ट्रॅफिक, मग सप्लायर, मग बॉस, मग पुन्हा तेच ट्रॅफिक उलट दिशेने. घरी येईपर्यंत इतका थकवा असतो की आई "कसा गेला दिवस?" विचारते तेव्हा "ठीक" हे उत्तरही जड वाटतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बसमध्ये जांभई दिली आणि तोंड अर्ध्यावर अडकलं. पुढे जाईना. शेजारच्या मुलीला वाटलं मी काहीतरी सांगायला जातेय. ती वाट बघत राहिली.

आधी मी मॉलमधल्या एका चकचकीत क्लिनिकमध्ये गेले, कारण तिथे ओळखीचं कोणी भेटणार नव्हतं. तिथल्या गोड मुलाने सांगितलं की माझा सगळा 'बाइट', म्हणजे वरचे दात खालच्या दातांवर बसणं, चुकीचा आहे. काही दात मशीनने घासून बसवावे लागतील, मग तारा, मग बघू. मी मान डोलावली. घरी येऊन उशीत तोंड खुपसून झोपले. तेही चूक होतं, हे नंतर कळलं.

शनिवारी आईने मला हाताला धरून तळमजल्यावर नेलं.

"या, बंद दुकान," मावशी म्हणाल्या. तेव्हापासून माझं नाव तेच.

त्यांच्याकडे मशिनं फारशी नाहीत. तीन बोटं आहेत. "तुझी तीन बोटं उभी तोंडात घाल. तुझी, माझी नाही. प्रत्येकाचं दार त्याच्या मापाचं." माझी दोन गेली, तीही कुरकुरत. मग त्यांनी माझ्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली. "उघड. मीट. ऐकलंस टक्?"

मी मान हलवली.

"नुसतं टक् असतं तर मी उठलेही नसते. माझे गुडघेपण बोलतात. टक् आणि दुखणं जोडीने आले, की मग चौकशी."

मॉलमधल्या मुलाने सांगितलेल्या दात घासून बसवण्याबद्दल मी विचारलं. म्हणजे आईने विचारलं.

"बिल्कुल नाही. थोडा वाकडा आहे हिचा बाइट. निम्म्या जगाचा असतो. वाकडे दात म्हणजे शेजारी. भांडत नाहीत ना? मग कोर्टात कशाला जायचं? घासलेला दात परत उगवत नाही." मग माझ्याकडे वळून त्यांनी फर्मावलं, "जबडा, विश्राम!"

हा त्यांचा मंत्र. त्याचा अर्थ त्यांनी मला तोंडपाठ करून घेतला: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळ्याला लावून घरी बसलेली. वरच्या आणि खालच्या दातांनी भेटायचं ते घास चावताना आणि गिळताना. बाकी दिवस लांबून नमस्कार. ऐकायला सोपं आहे. त्या दिवशी मी दवाखान्यातून लिफ्टपर्यंत गेले तेवढ्यात माझे दात आवळलेले सापडले. लिफ्टमध्ये पुन्हा.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला टिकल्यांचं पाकीट दिलं. साध्या लाल टिकल्या. मला वाटलं संक्रांतीच्या उरल्या असतील. "हे औषध आहे," त्या म्हणाल्या. "लॅपटॉपवर लाव, फोनवर लाव, बसच्या सीटवर लाव. टिकली दिसली, की दात तपास." मी लावल्या. मीटिंगमध्ये बॉसने माझ्या लॅपटॉपकडे बराच वेळ पाहून विचारलं, "पूजा करवाई है क्या?" मी हसले. दात सुटे ठेवून हसता येतं, हे मला तेव्हाच कळलं.

गरम ओला टॉवेल गालावर, घास छोटा आणि दोन्ही बाजूंनी चावायचा, सफरचंद कापून, पेन चघळायचं नाही, नखं कुरतडायची नाहीत, पालथं झोपायचं नाही. रात्रीसाठी माझ्या दातांचा ठसा घेऊन दातांवर चढवायचा एक पारदर्शक गार्ड करून दिला. "हा बरं करत नाही," त्यांनी आधीच बजावलं. "हा फक्त मध्ये पडून मार खातो. बरं तुला व्हायचंय."

आणि दर शनिवारी एक प्रश्न. तो मला टॉवेलपेक्षा गरम वाटायचा.

"या आठवड्यात कोणाला काय बोलायचं होतं आणि गिळलंस?"

"काही नाही."

"'काही नाही' म्हणताना दात लागले."

मग मी थोडं सांगायला लागले. सप्लायरची चूक बॉसने माझ्या माथी मारली ते. बसमध्ये माझ्या सीटवर रोज बॅग ठेवणारा माणूस. मावशी उपाय सांगत नसत. "हं," म्हणत, आणि माझ्या गालावरचा स्नायू बोटाने दाबून बघत, चपाती भाजली का बघतात तसा. पावसाळ्यापर्यंत तिसरं बोट आत गेलं. त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाल्या, "फिट फॉर ड्यूटी. आता शनिवारी यायची गरज नाही." मी तरीही जात राहिले. त्यांनीही कधी का आलीस विचारलं नाही.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मावशी कोणासमोर खात नाहीत. चहासुद्धा आपण जाईपर्यंत टेबलावर निवत ठेवतात. आईने पाठवलेली पुरणपोळी असो की शेजारच्या गुरप्रीत आंटींचा हलवा, "ठेव, नंतर खाईन." गणपतीच्या महाप्रसादाला त्या दरवर्षी येतात, पदर खोचून सगळ्यांना वाढतात, आणि शेवटी आपला डबा भरून घरी नेतात. मला वाटायचं, शिस्तीचा भाग असेल.

मंडळाला तसं वाटत नव्हतं. गणपती आठवड्यावर आले आणि सबनीस काकू आमच्या घरी आल्या.

"यंदा मी सरळ सांगणार आहे," सोफ्यावर बसायच्या आधीच त्या म्हणाल्या. "या बाई वाढायला येतात की तपासायला? मागच्या वर्षी आमच्या यांच्यासमोर भाताचं पातेलं घेऊन उभ्या. म्हणे, उजवीकडची दाढ काढलीत का, सगळं डावीकडून चाललंय! माणसाने पुरी खायची की जबाब द्यायचा?"

आईला हसू आलं. ते तिने पदराने पुसलं.

"हसू नका. आणि इतक्या वर्षांत आमच्यात बसून एक घास खाल्लाय का त्यांनी? डबा मात्र नेतात. आम्ही काय इतक्या खालच्या आहोत? पंगतीला बसायचं असेल तर आनंदाने या म्हणावं. नुसतं वाढायला आणि बघायला येणार असाल तर यंदा नको. कमिटीचं ठरलंय." मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. "ही जाते ना दर शनिवारी? हिलाच सांगू दे."

मी मान डोलावली. दात लागले. लॅपटॉप आतल्या खोलीत होता, टिकली दिसली नाही.

शनिवारी मी ठरलेल्या वेळेआधीच गेले, म्हणजे सांगून टाकता येईल आणि निघता येईल. दवाखान्याचं दार उघडं होतं, खुर्ची रिकामी. मागच्या खोलीचा पडदा अर्धा सरकलेला.

मावशी जेवत होत्या. टेबलावर पांढरा कपडा, इस्त्री केलेला नॅपकिन, पाण्याचा ग्लास उजवीकडे, मेसमध्ये मांडतात तसं. ताटात गुरगुट्या भात आणि वरण. हातात लहान बाळाला भरवायचा चमचा. तो ओठांपर्यंत नेऊन त्यांनी तोंड उघडलं, आणि ते उघडलंच नाही. चिरेएवढी फट झाली, हनुवटी डावीकडे सरकली, आणि चमचा तिरका करून त्यांनी भात आत ढकलला. डाव्या हातातला नॅपकिन तोंडापुढे धरलेला. खोलीत कोणीही नव्हतं, तरी धरलेला.

मी मागे सरकले. खुर्चीचा आवाज झाला.

"बंद दुकान," पडद्याआडून आवाज आला. "ये. आता बघितलंच आहेस."

मी समोर जाऊन बसले. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"पहाडात पोस्टिंग होतं. बर्फावर पाय घसरला, हनुवटीवर आपटले. हनुवटीवर मार लागला की मोडतं इथं." त्यांनी कानापुढे बोट ठेवलं. "नंतर रोज तोंड उघडायचे व्यायाम करायचे असतात. सगळ्यांना सांगते तेच. पण बाहेर जवानांची रांग लागलेली. म्हटलं, उद्या करू. सांधा उद्यापर्यंत थांबत नाही, आखडतो."

"ऑपरेशन?"

"तेव्हा सुट्टी नव्हती. आता कंटाळा येतो." त्यांनी स्वतःची बोटं तोंडापुढे उभी धरून दाखवली. "दीड. थंडीत एक."

मी पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिले.

"मेसमध्ये एकदा एका कॅप्टनने माझ्या खाण्याची नक्कल केली," त्या म्हणाल्या. "मी दारातच होते, त्याला माहीत नव्हतं. चांगली केली होती. मी पण हसले. त्यानंतर टेबलावर बसले नाही." मग आवाज एकदम ड्यूटीवर आला. "पेशंटची गुपितं डॉक्टर ठेवतो. हे तू ठेवायचंस. समजलं?"

"हो."

"आता बोल. काय गिळून आली आहेस?"

सबनीस काकूंचा निरोप मी सांगितला. जमेल तितका मऊ करून सांगितला, पण त्यातली हाडं लपली नाहीत. मावशींनी नॅपकिनची घडी घातली, मग त्या घडीची घडी.

"बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "जो जेवत नाही त्याने वाढायला येऊ नये. वाढताना सगळे जवळून दिसतात गं, एवढंच. वर्षातून एकदा. बोलतात, हसतात, तोंड भरलेलं असतं..." त्या थांबल्या. "असो. आरतीला येईन, प्रसाद घेईन, निघेन. ऑर्डर इज ऑर्डर."

महाप्रसादाच्या दिवशी हॉलमध्ये दिल्लीचा सप्टेंबर भरून राहिला होता. पंखे गरम हवा इकडून तिकडे नेत होते. टेबलांवर कागद अंथरलेला, मसालेभाताचा वास, आणि बाहेरच्या पाहुण्यांसाठी पनीरही. सबनीस काकू यादव केटररच्या आचाऱ्याला हिंदीत मोदक समजावत होत्या. सकाळी मी आईला सांगितलं होतं की मला भात गुरगुट्या हवाय. "परत दुखतंय का?" तिने काळजीने विचारलं. मी "करून दे ना" म्हणाले. तिने वरणभाताचा डबा भरून दिला. दोन छोटे चमचे मीच शोधून घेतले.

हॉलच्या पुढच्या कोपऱ्यात, गणपतीच्या अगदी जवळ, एक छोटं टेबल होतं. त्यावर फुलांच्या परड्या ठेवल्या होत्या. मी त्या खाली ठेवल्या आणि दोन खुर्च्या अशा मांडल्या की पाठ सगळ्या पंगतीकडे आणि तोंड मूर्तीकडे. तिथे बसणाऱ्याचा चेहरा फक्त गणपतीला दिसणार. त्याला स्वतःलाच एक दात, आणि त्याच्या बाइटबद्दल मावशींनी आजवर एक शब्दही काढला नव्हता.

आरती झाली. मावशी दाराशी उभ्या होत्या, कडक इस्त्रीची मोतिया साडी, पदर न खोचलेला. प्रसादाचा शिरा त्यांनी तळहातावर घेतला आणि मूठ मिटली. लोक खुर्च्या ओढून बसायला लागले. शर्माजी डाव्या बाजूने काहीतरी चघळत होते. मावशींनी एकदा सगळ्या पंगतीवर नजर फिरवली, गाडीच्या खिडकीतून मागे जाणारं गाव बघावं तशी, आणि त्या चपला शोधायला वळल्या.

मी उठून उभी राहिले. दात आवळलेले होते. लॅपटॉप घरी, फोन पर्समध्ये, टिकली कुठेच नव्हती. मग समोर सबनीस काकूंच्या कपाळावर दिसली, चांगली मोठी, लाल.

ओठ मिटलेले. दात सुटे.

"काकू," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. "इथे दोन पानं हवीत. मला जबड्याचा त्रास आहे. मऊ खावं लागतं, खूप वेळ लागतो, आणि एकटीने असं खायची मला लाज वाटते. कर्नलमावशी माझ्या डॉक्टर आहेत. त्या माझ्याबरोबर बसतील आणि माझ्यासारखंच जेवतील."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. मी मंडळात बोलते हे त्यांना बहुधा माहीत नव्हतं. मग त्यांनी डबा पाहिला, दोन चमचे पाहिले, आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "अगं, मग आधी सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "मोदक कुस्करून देऊ का तुम्हाला दोघींना, तुपात?" आणि उत्तराची वाट न बघता त्या तूप आणायला गेल्या.

मावशी चपला तशाच टाकून माझ्याजवळ आल्या. मिटलेली मूठ छातीशी धरलेली. फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "खोटं बोलतेस. तीन बोटं जातात तुझी. मी स्वतः तुला फिट करून सोडलंय."

मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"नाही मावशी," मी म्हणाले, "आज परत अडकलाय. तुम्ही शेजारी बसल्याशिवाय उघडत नाही."